जाम झालेला एक्सल: गुहागरच्या आगरातल्या नोंदी

गाडी चिनी बनावटीची, 150 सीसी एटीव्ही, म्हणजे खडबडीत जागी चालणारी, चार जाड टायरांची उघडी गाडी. मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच सरळ एक्सल (दांडा), डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही, डावीकडे चेन, उजवीकडे ब्रेकची डिस्क. मावसभावाने दोन सीझन ती गुहागरच्या पुळणीवर पर्यटकांना फेऱ्या मारायला चालवली. मग तो नोकरीला मुंबईत गेला आणि गाडी दोन पावसाळे आमच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली पडून राहिली. इंजिन चालू आहे. मागची चाकं मात्र तसूभर हलत नाहीत. मला ती आगरात नारळ आणि शेणखत ओढायला हवी आहे. असलीच गाडी कुणाकडे पडलेली असेल तर आमच्या चुका तरी उपयोगी पडतील, म्हणून हे लिहून ठेवतोय.

9 जून 2024

मागची बाजू चार चिऱ्यांवर चढवली. सोबत भाचा, डिप्लोमाला आहे, सुट्टीवर आलाय. ब्रेक धरून बसला असणार असं मी धरून चाललो आणि तीन तास कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा ब्रेकचा भाग) सोडवण्यात घालवले. कॅलिपर निघाला, डिस्क मोकळी झाली, चाकं तशीच. मग चेन सोडली. 428 मापाची चेन गंजून काठीसारखी सरळ उभी राहत होती, ती तोडूनच काढली. तरीही चाकं तशीच. म्हणजे दुखणं बेअरिंगच्या करिअरमध्ये, एक्सलची दोन्ही बेअरिंगं ज्या नळीत बसतात तिच्यात. 

10 जून

चाकांचे आठ नट. सहा सुटले. दोन नटांच्या कडा मीच घालवल्या, कारण हाताशी बारा कोनांचा रिंग पाना होता आणि सहा कोनांचं सॉकेट आणायला उठायचा कंटाळा केला. गंजलेल्या नटाला बारा कोनी पाना लावूच नये, तो फक्त कोपऱ्यावर धरतो. शेवटी 17 च्या नटावर 16 चं जुनं सॉकेट हातोडीने ठोकून बसवलं. एक सुटला. दुसऱ्याचा स्टडच (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तुटला.

दुपारनंतर पाऊस. गोठ्याच्या पडवीत गाडी ढकलता येईना, चाकंच फिरत नाहीत. चौघांनी उचलून आत घेतली.

12 जून

हबचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) नट. स्प्लिट पिना गंजून नटातच विरघळल्यासारख्या झालेल्या, 3 च्या ड्रिलने पोखरून काढल्या. नट 27 चा. अशा वेळी एक्सल फिरू नये म्हणून अडवायची खटपट असते, आमचा आधीच जाम, तेवढा एक फायदा. टी-पान्याला चार फुटी जीआय पाइप लावला आणि डावा नट किंचाळत सुटला. उजव्याला सॉकेट फुटलं. बाजारातलं स्वस्त सॉकेट होतं, उभं चिरलं. शृंगारतळीला जाऊन जाड भिंतीचं इम्पॅक्ट सॉकेट आणलं, 220 रुपये. त्याने दुसऱ्या झटक्यात सुटला.

नट सुटले तरी हब एक्सलच्या दात्यांवर वेल्डिंग केल्यासारखे बसलेले.

13 ते 16 जून

धो धो. लाइट दिवसातून चारदा जाते. सकाळ-संध्याकाळ तेल मारणं एवढंच काम. डब्ल्यूडी-40 चे दोन डबे संपले, 820 रुपये. मग भाच्याने ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं केलं. हे दोन एकजीव होत नाहीत, बाटली हलवून लगेच ओतावं लागतं. झिरपतं मात्र चांगलं. प्लास्टिकच्या बाटलीत ठेवू नका, आमची बूड सोडून बसली आणि आईच्या पाटावर डाग पडला तो पडलाच.

17 जून

या कामातली सगळ्यात मोठी चूक आजची, म्हणून सविस्तर लिहितो.

चार दिवस तेल प्यायलंय, आता निघेल, असं वाटलं. एक्सलच्या डाव्या टोकावर आंब्याची फळी धरली आणि पाच किलोचा घण घातला. दहा-बारा घावांत फळी फुटली. दुसरी फळी शोधण्याऐवजी मी जुना नट टोकाशी समपातळीत चढवला आणि त्याच्यावर मारत सुटलो. वीसेक घाव. एक्सल एक केसभर सरकला नाही. नट काढायला गेलो तर तोही निघेना. टोक पसरून छत्रीसारखं झालेलं, वरचे तीन-चार आटे मेलेले.

संध्याकाळी खांदा हलत नव्हता. आईने तेल चोळून दिलं, वर दोन शब्दही ऐकवले.

19 जून

असगोलीच्या एका मेस्त्रींना बोलावलं. हे बोटींच्या इंजिनांची कामं करतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, बोटी वर ओढलेल्या, त्यामुळे मोकळे होते. बारमाही खाऱ्या पाण्यातले नट सोडवणारा माणूस. त्यांना पहिल्याच दिवशी बोलवायला हवं होतं.

आल्यावर त्यांनी कशालाच हात लावला नाही. बॅटरी घेऊन गाडीखाली आडवे झाले, पाच मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, "कुठल्या बाजूनं मारलंस?"

"डावीकडनं."

"आन् खांदा कुठं हाय?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. डाव्या बेअरिंगच्या बाहेर एक्सल जाड होतो. तो जाड भाग म्हणजे खांदा, तो बेअरिंगला टेकून बसतो. डावीकडून घण घातला की खांदा बेअरिंगवर आणखी आवळतो. शंभर घाव घातले असते तरी तो तिकडून निघाला नसता. एक्सल उजवीकडून डावीकडे सरकवायचा, आणि त्याआधी उजवीकडचे दोन मोठे लॉकनट (एकमेकांवर आवळून जागेवर राहणारे नट) काढायचे, नाहीतर तेच उजव्या बेअरिंगला अडतील. परवाची सगळी मेहनत उलट्या दिशेला गेली होती.

आधी हब काढू म्हणाले. ज्योतीची गॅस-टॉर्च त्यांचीच. पेटवणार तेवढ्यात थांबले, नाकाने वास घेतला. भाच्याने सकाळी हबवर ब्रेक क्लीनर मारला होता. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं, ते ज्योतीत गेलं की फॉस्जीन होतो, विषारी वायू. आमच्या डब्यावर काय लिहिलंय ते गंजाने वाचता येईना. पाण्याने धुतलं, कापडाने पुसलं, दोन तास पंख्याखाली वाळवलं, मगच ज्योत लावली. अ‍ॅसिटोनची बाटलीही पार विहिरीपलीकडे नेऊन ठेवली.

हब लाल करायचा नाही. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून जाईल एवढाच तापवायचा. मग मेस्त्रींनी खिशातून मेणबत्ती काढली आणि हब-एक्सलच्या सांध्यावर टेकवली. मेण वितळून आत ओढलं जाताना दिसतं, चहात बिस्कीट बुडवल्यासारखं. तीनदा तापवलं, तीनदा मेण पाजलं. नंतर तीन पायांचा पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) लावून ताणला, पुलरच्या स्क्रूवर एक टोला, पुन्हा थोडा ताण. (पुलर 850 रुपये. मी भाड्याने मिळतोय का बघत तीन दिवस घालवले होते. विकत घ्या, हा लागणारच.)

डावा हब अर्ध्या तासात आला. उजवा नाही आला. "ऱ्हाऊ दे ताणलेला, झोप जा," म्हणून मेस्त्री गेले.

20 जून

रात्री अडीचच्या सुमाराला फाट्कन आवाज. आईला वाटलं कौलांवर नारळ पडला. सकाळी बघतो तर उजवा हब दोन बोटं पुढे सरकलेला, पुलर सैल लोंबकळतोय.

22 जून

दोन मोठे लॉकनट. पातळ, 46 चे, एकमेकांवर आवळलेले. एवढा पाना गावात कुणाकडे नाही. पाइप पाना लावू नका, पातळ नटाच्या कडा एका झटक्यात जातात. नाक्यावरच्या वेल्डरकडून 8 मिमी पट्टीचे दोन पाने गॅसने कापून घेतले, 300 रुपये, कडा घरी कानशीने घासून बसवल्या.

यात पुन्हा गोंधळ. भाच्याने बाहेरचा नट धरला आणि मी आतला फिरवला. दोघंही खूश, कारण नट फिरत होता. फिरत होता, पण घट्ट होण्याच्या बाजूला. आतला धरून ठेवायचा आणि बाहेरचा सोडवायचा. आटे आमच्या गाडीला साधे आहेत, उलटे नाहीत. चूक कळली तेव्हा दोन्ही नट एकमेकांत आणखी घट्ट रुतले होते.

मेण, ज्योत, पाना, पाइप. बाहेरचा सुटला. आतला पट्टीचा पाना वाकवून बसला. शेवटी ग्राइंडरने नटाच्या एका बाजूला चीर पाडली आणि छिन्नीने फोडला. चीर पाडताना पूर्ण आरपार जायचं नाही, एक-दीड मिलीमीटर ठेवून छिन्नीवर सोडायचं, हे मला माहीत होतं. तेवढ्यात लाइट गेली, परत आली, मी चीर कुठवर आलीय ते न बघताच पुन्हा टेकवली. एक्सलच्या आट्यांवर बोटभर लांबीची खूण उमटली. खोल नाही, पण आहे.

लाइट गेली की ग्राइंडरचं बटण बंद करा. आमचा परत आल्या आल्या हातात उसळला. हात वाचला तो नशिबाने.

डिस्कचा हब पुलरने सहज आला. या गाडीतली सहज आलेली ही एकमेव वस्तू.

24 जून

मेस्त्रींच्या मते घरी घणाने एक्सल काढण्यात अर्थ नाही, प्रेसवर न्यायचा. करिअर चार बोल्टांनी मागच्या आर्मला धरलेला. तीन सुटले, एक तुटला (आता मी मोजणं सोडलंय). करिअरसकट एक्सल खाली उतरवला, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) काढून ठेवलं. चौदा-पंधरा किलोचं धूड झालं.

25 जून

गोणपाटात बांधून एसटीने चिपळूण, 45 किलोमीटर. कंडक्टरने पायाने गोण ढकलून बघितली आणि "भारी सुरण दिसतंय" म्हणाला. मी हो म्हटलं.

खेर्डीजवळच्या लेथवाल्याकडे 20 टनांचा प्रेस आहे. त्याच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर मातकट रेघ आहे, 22 जुलै 2021 च्या पुराची. लेथ तीन दिवस पाण्याखाली होता, तोच उघडून, साफ करून पुन्हा चालवतोय. माझा एक्सल बघून त्याला काहीच वाटलं नाही.

करिअर उजवी बाजू वर करून दोन जाड ठोकळ्यांवर ठेवला. एक्सलच्या टोकावर पितळी तुकडा. पंप मारत गेला. सुरुवातीला काही नाही, नुसता प्रेसचा सांगाडा करकरला. मग बंदुकीसारखा आवाज झाला आणि एक्सल एक इंच खाली. लेथवाल्याने आधीच आम्हाला बाजूला उभं केलं होतं, गंजलेली बेअरिंग फुटली तर तुकडे उडतात. पुढे सगळा रस्ता कुरकुरत आला.

करिअरमधून जे निघालं ते मी कागदावर ओतून घेतलं: तांबडा चिखल, वाळू, बेअरिंगच्या गोळ्यांचे तुकडे. ग्रीसचा टिपूस नाही. उजवीकडचं ऑइल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) जागेवरच नव्हतं. मागच्या वेळी ज्याने बेअरिंगं बदलली त्याने ते बसवलंच नाही किंवा उलटं बसवून उडालं. त्यात मावसभाऊ रोज संध्याकाळी प्रेशर पंपाने गाडी धुवायचा, गोड्या पाण्याने, काळजीपोटी. पंपाच्या जोराने खारी वाळू धुऊन निघाली नाही, उघड्या तोंडातून आत गेली. बादलीभर पाणी नुसतं ओतलं असतं तरी बरं झालं असतं.

डाव्या बेअरिंगची आतली रिंग एक्सलवर राहिली, बाहेरच्या दोन्ही करिअरमध्ये. आतली रिंग ग्राइंडरने तिरकी चिरून छिन्नीने तडकवली. इथे लेथवाल्याने मला ग्राइंडर हातात दिला नाही, मी आग्रहही केला नाही. बाहेरच्या रिंगांची युक्ती पाहण्यासारखी: रिंगच्या आतल्या बाजूला वेल्डिंगची गोल रेघ फिरवली. वेल्डिंग थंड होताना रिंगला आत ओढतं. दहा मिनिटांनी करिअर उलटा करून ठोकला, दोन्ही रिंगा टपकन पडल्या.

एक्सल लेथवर लावून फिरवला, वाक फार नाही. डाव्या टोकाची छत्री कापली, आट्यांवर डाय (आटे नीट करायचं हत्यार) फिरवली. उजवीकडची ग्राइंडरची खूण तशीच ठेवली. वेल्डिंग भरू का म्हणाला, मी नको म्हटलं. नट तीन-चतुर्थांश आट्यांवर बसतोय आणि तिथे वेल्डिंगची उष्णता देऊन एक्सल ठिसूळ करण्यापेक्षा ही खूण परवडली.

सगळे मिळून 1,600 रुपये, वेल्डिंग धरून.

29 जून

बेअरिंग 6007, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली: आतून 35, बाहेरून 62, जाडी 14 मिमी. जुन्या रिंगवर नंबर वाचता आला म्हणून बरं, नाहीतर मापं घेऊन जा. 380 रुपये एक. ऑइल सील दोन, 180. लॉकनट पुण्याहून कुरिअरने, 450. स्टड आणि बोल्ट 120.

नवा पूर्ण एक्सल ऑनलाइन साडेपाच हजारांना दिसत होता. मोह झाला. पण नवा आणला तरी जुना काढावाच लागला असता, आणि काढेपर्यंतच सगळा खर्च होतो.

3 जुलै

जोडणी. बेअरिंगं रात्रभर डीप फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमच्या डब्याशेजारी. करिअर उन्हात ठेवायचा होता, ऊन कसलं, गॅसच्या टॉर्चने कोमट केला. दोन्ही बेअरिंगं जुन्या रिंगेचा आधार देऊन हातोडीच्या हलक्या टोल्यांनी गेली. फक्त बाहेरच्या रिंगेवर ठोकायचं. सीलं ग्रीस लावून, ओठ आतल्या दिशेने. एक्सल आला, डिस्कचा हब आला, लॉकनट आवळले.

एक्सल फिरेना.

हाताने फिरतो, पण दळण दळल्यासारखा. नट सैल केले की मोकळा, आवळले की जड. तासभर डोकं लावलं. संध्याकाळी भाचा भंगाराच्या बादलीतून एक गंजका पाइपचा तुकडा घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, हा कसला?"

हा दोन बेअरिंगांच्या मधला स्पेसर. प्रेसवर चिखलाबरोबर पडलेला, मी भंगार म्हणून बादलीत टाकलेला. तो नसला की नट आवळल्यावर दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि गोळ्या कडेवर घासतात. तसंच चालवलं असतं तर महिन्यात दोन्ही बेअरिंगं गेली असती.

4 जुलै

पुन्हा सगळं खोलून. एक बेअरिंग काढताना आतल्या रिंगेवर जोर द्यावा लागला, म्हणून ती वापरली नाही. आणखी 380. स्पेसर तारेच्या ब्रशने घासून बसवला, मधली सगळी पोकळी बोटींसाठीच्या ग्रीसने भरली (280 चा डबा, मेस्त्रींनी सांगितलेला). हबच्या दात्यांवर आणि सगळ्या आट्यांवर तांबं घातलेला अँटी-सीझ (जोड जाम होऊ नये म्हणून लावायचा लेप). पुढच्या वेळी हब काढणारा मीच असणार. आता एका बोटाने एक्सल फिरतो.

7 जुलै

बदली चेन मेस्त्रींकडची, जुनी पण चांगली. ब्रेकमधली हवा काढली. लॉकनटांवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली, सरकले तर दिसावं म्हणून. आगरात विहिरीपासून गोठ्यापर्यंत सहा फेऱ्या, मागे शेणखताची चार पाटी.

खर्च 6,120 रुपये. त्यात मेस्त्रींचे पैसे नाहीत, ते घेईनात. अर्धी गोण सोललेले नारळ पोचवले. चेन फुकट, तीही त्यांचीच. दिवस 29, प्रत्यक्ष काम साधारण 50 तास. त्यातले चुकीच्या बाजूने मारण्यात, चुकीचा नट फिरवण्यात आणि स्पेसरच्या पायी गेलेले 15 तरी.

19 ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

बाहेरच्या नटावरची पांढरी रेघ दोन मिलीमीटर सरकली होती. आतला धरून बाहेरचा आवळला, नवी रेघ ओढली.

डाव्या सीलच्या कडेला थोडं ग्रीस बाहेर आलंय. रंग बघायला बोटावर घेतलं तर चरचरीत लागलं. वाळू. भाच्याला हाक मारली. "मामा, फक्त पुळणीपर्यंत नेली होती, पाण्यात नाही घातली," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "म्हणजे एकदाच." करिअर पुन्हा उघडायचा की नाही ते गणपती झाले की बघतो. तोवर गाडीची चावी आईकडे.